‘शॉव्हल नाइट डिग’ तोकडा नाही, समीक्षेची पट्टी तोकडी आहे

२३ सप्टेंबर २०२२ ला ‘शॉव्हल नाइट डिग’ आला आणि थोड्याच दिवसांत त्याच्याबद्दलचं मत ठरूनही गेलं. मत वाईट नव्हतं. चित्रं देखणी आहेत, संगीत उत्तम आहे, फावडं चालवायला मजा येते, हे जवळपास सगळ्यांनी मान्य केलं. त्यानंतर ‘पण’ आला. हा ‘पण’ इतक्या समीक्षांमध्ये इतक्या सारख्या सुरात आला, की तीच गेमची ओळख होऊन बसली. गेम लवकर संपतो. मेल्यावर पदरात फारसं काही पडत नाही. नशिबाचा भाग फार आहे. मूळ ‘शॉव्हल नाइट’ची सर याला नाही. आजही कुणाला या गेमबद्दल विचारलं तर बहुतेक वेळा हेच ऐकू येतं: चांगला आहे, पण त्यात फारसं काही नाही.

हा निवाडा मला मान्य नाही. समीक्षकांनी गेम मन लावून खेळला नाही असा आरोप मी करत नाही. माझा आक्षेप त्यांनी लावलेल्या निकषांवर आहे. एका जातीच्या गेमला त्यांनी दुसऱ्या जातीच्या गेमचा पेपर दिला आणि मग गुण कापले.

आधी थोडी पार्श्वभूमी. मूळ ‘शॉव्हल नाइट’ कॅलिफोर्नियातल्या यॉट क्लब गेम्सचा. वेफॉरवर्ड कंपनीतून बाहेर पडलेल्या काही जणांनी २०१३ मध्ये किकस्टार्टरवर ७५ हजार डॉलर मागितले आणि लोकांनी ३ लाख ११ हजारांच्या वर जमवून दिले. जून २०१४ मध्ये गेम आला आणि त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये सर्वोत्कृष्ट स्वतंत्र गेम ठरला. पुढे डिसेंबर २०१९ पर्यंत त्यातल्याच खलनायकांना नायक करून नवे भाग येत राहिले. ‘डिग’ याच घराण्यातला, पण मुख्य मालिकेबाहेरचा गेम. यॉट क्लबने तो लंडनच्या नायट्रोमच्या साथीने केला. नायट्रोम हे नाव आठवत नसेल, तरी सायबर कॅफेत किंवा शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये ब्राउझरवर ‘बॅड आइस्क्रीम’ खेळलेल्या मुलांनी त्यांचं काम हाताळलेलं आहे. थोडक्या वेळाचा खेळ, एकच कल्पना, आणि ती कल्पना पुरेपूर वापरणं, हा नायट्रोमचा फ्लॅशच्या काळापासूनचा हातखंडा. ‘डिग’चा बांधा समजून घ्यायचा तर हे लक्षात ठेवायला हवं, आणि बहुतेक समीक्षांमध्ये नायट्रोमचा उल्लेख श्रेयनामावलीपुरताच होता.

‘मूळची सर नाही’ या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे आक्षेप त्याच्याच पोटातून आले आहेत. मूळ गेममध्ये प्रत्येक पडदा हाताने रचलेला आणि कायमचा ठरलेला. खेळाडू कुठून येणार, त्याच्याजवळ काय असणार, त्याला मागच्या पडद्यावर काय शिकवलं आहे, हे सगळं रचणाऱ्याला ठाऊक. ‘डिग’मध्ये रचणाऱ्याला यातलं काहीच ठाऊक नसतं. त्याने लहान लहान तुकडे हाताने बनवायचे आणि गेमने ते दरवेळी वेगळ्या क्रमाने एकाखाली एक जोडायचे. डेरेक यू यांच्या ‘स्पेलंकी’ने ही वाट आधी दाखवली. तिथे एक लेव्हल म्हणजे चार बाय चार अशा सोळा खोल्या, आणि वरून खाली जायला किमान एक वाट मोकळी राहील याची हमी. ‘डिग’ने खोल्यांचा चौकोन सोडून उभी विहीर घेतली. त्यामुळे प्रत्येक तुकडा वरच्या कुठल्याही तुकड्यातून येणाऱ्या, कितीही जीव उरलेल्या, कुठल्याही वेगाने पडणाऱ्या खेळाडूशी न्यायाने वागला पाहिजे. हे काम मूळ गेमच्या रचनेपेक्षा सोपं नाही. वेगळं आहे. मूळ गेममधल्या लेव्हल जशा आठवणीत राहतात तशा या राहत नाहीत, अशी तक्रार ज्यांनी केली त्यांनी निर्मात्यांना त्यांनी न केलेल्या कामाबद्दल जाब विचारला.

आता प्रत्यक्ष खेळाकडे येऊ.

हवेत असताना खालचं बटण दाबलं की नाइट फावड्याचं पातं खाली धरतो. खाली शत्रू असला तर पातं त्याच्या डोक्यावर आपटतं आणि नाइट पुन्हा वर उसळतो. ही चाल कॅपकॉमच्या १९८९ च्या ‘डकटेल्स’ गेममधून आलेली आहे. दूरदर्शनवर हिंदीतून ‘डकटेल्स’ पाहिलेल्यांना त्यातला काठीवाला श्रीमंत काका आठवत असेल. गेममध्ये तो त्याच काठीवर उड्या मारत जायचा. मूळ ‘शॉव्हल नाइट’मध्ये या चालीने शत्रू मारायचे आणि दऱ्या ओलांडायच्या. ‘डिग’मध्ये तीच चाल प्रवासाचं साधन झाली. खाली माती असली की पातं ती फोडत जातं, थरामागून थर, आणि नाइट सरळ खाली उतरत राहतो. दगड लागला की थांबतो. मातीत रत्नं दडलेली असतात, पण ती सगळीच सरळ रेषेत नसतात. बाजूची हवी असतील तर थांबून आडवं खणावं लागतं, एकेक ढेकूळ फोडत.

आणि थांबायची सोय नाही. रेंगाळलात की वरून ओमेगा सॉ नावाचं अजस्र यंत्र विहीर खात खाली येतं. त्याचा स्पर्श म्हणजे खेळ खलास.

प्रत्येक टप्प्यात तीन दातेरी चक्रं विखुरलेली असतात. तिन्ही मिळाली तर टप्प्याच्या शेवटी नवं रेलिक (वापरायची खास वस्तू) घ्या किंवा जखमा भरून घ्या, असा पर्याय मिळतो. दोनच मिळाली तर काहीच नाही. आता असा क्षण घ्या. दोन चक्रं जमली आहेत. तिसरं डावीकडच्या कोनाड्यात चमकताना दिसतं आहे. मधे चार ढेकळं आणि एक शत्रू आहे. अंगात दोन फटके सोसण्याइतकाच जीव आहे. वरून यंत्राचा घरघराट जवळ येतो आहे. चक्र मिळालं तर जखमा भरून निघतील आणि पुढचा बॉस आवाक्यात येईल. ते आणताना एक फटका बसला तर सगळा हिशेब उलटतो. सोडून खाली गेलो तर आधीच्या दोन चक्रांसाठी घेतलेली जोखीम फुकट जाते. हे सगळं ठरवायला वेळ मिळतो तो पापणी लवायचा, आणि तेवढ्यात पातं मातीत उतरलेलं असतं.

असा निर्णय एका रनमध्ये, म्हणजे वरून सुरू करून मरेपर्यंतच्या एका खेपेत, पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो आणि कोनाडा, शत्रू, उरलेला जीव दरवेळी वेगळा असतो. ‘डिग’चा आशय हा आहे. ‘आशय कमी’ असं लिहिणाऱ्यांनी लेव्हल मोजल्या, बॉस मोजले, चिलखतं मोजली. निर्णय कुणी मोजले नाहीत.

‘मेल्यावर हाती काही उरत नाही’ हा सगळ्यात जास्त वेळा आलेला आणि माझ्या मते सगळ्यात चुकीचा आक्षेप. वस्तुस्थिती अशी: मेल्यावर काही रत्नं शिल्लक राहतात. त्यांतून नवी रेलिक विकत घेता येतात, जी पुढच्या रनमध्ये विहिरीत सापडू लागतात. वेगळ्या गुणांची चिलखतं मिळतात, खालच्या भागात थेट उतरण्याच्या वाटा उघडतात. मात्र नाइट स्वतः फारसा बलवान होत नाही. पहिल्या दिवशी तो जेवढे फटके सोसतो, साधारण तेवढेच महिन्याभरानेही सोसतो. महिन्याभराने बदललेला असतो तो खेळणारा.

समीक्षकांना हे कमी वाटलं, कारण त्यांच्या मनात दुसरा नमुना पक्का बसलेला होता. त्याचा उगम २०१३ च्या ‘रोग लेगसी’च्या आसपास शोधता येतो. मरा, मिळालेल्या पैशांतून ताकद वाढवा, पुन्हा जा, आणखी मरा, आणखी वाढवा. २०२० च्या ‘हेडीस’ने या रचनेला कथेची जोड दिली, प्रत्येक मरणानंतर पात्रं नवं बोलू लागली, आणि त्या गेमला मिळालेला मान सर्वस्वी योग्य आहे. मी स्वतः त्याचा चाहता आहे. पण ‘हेडीस’ने एक सवयही लावली. मेल्यावर काही तरी वाढलंच पाहिजे, नाही तर वेळ वाया गेला, ही ती सवय. ‘डिग’ आला त्या वर्षी एप्रिलमध्ये ‘रोग लेगसी २’ पूर्ण रूपात आला होता आणि ऑगस्टमध्ये ‘कल्ट ऑफ द लॅम्ब’. दोन्हीमध्ये रन संपली की परतायला घर आहे आणि घरात वाढवायला भरपूर काही आहे. त्या दोन गेममधून उठून लगेच ‘डिग’ हाती घेतलेल्या माणसाला तो उघडाबोडका वाटणं स्वाभाविक आहे. पण समीक्षकाने आपली सवय बाजूला ठेवून पाहायचं असतं. तेच त्याचं काम आहे.

ज्या गेमवरून या ‘रोगलाइक’ प्रकाराला नाव मिळालं तो १९८० चा ‘रोग’. मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या विद्यार्थ्यांनी तो केला, कारण त्यांना असा गेम हवा होता जो खुद्द तो बनवणाऱ्यांनाही दरवेळी नवा वाटेल. त्यात मेल्यावर काहीही उरत नसे. पात्र गेलं, सामान गेलं, तळघर गेलं. १९८७ च्या ‘नेटहॅक’मध्येही तेच. लोक हे गेम वर्षानुवर्षं खेळले आणि त्यांत तरबेज झाले, कारण शिकलेलं त्यांच्याजवळ राहत होतं. ‘डिग’ त्या परंपरेच्या जवळचा आहे आणि खेळाडूला ‘रोग’पेक्षा कितीतरी जास्त परत देतो. ताकद वाढवत नेणाऱ्या गेममध्ये काहीही न शिकता, नुसतं मरत राहूनही एक दिवस शेवट गाठता येतो. ‘डिग’मध्ये मशरूमच्या खाणीतला बॉस स्पोर नाइट कोणत्या क्षणी उघडा पडतो हे कळल्याशिवाय त्या खाणीतून सुटका नाही. याला उणीव म्हणण्याआधी समीक्षकाने एवढं तरी लिहायला हवं होतं, की हा गेम तुम्हाला बलवान करणार नाही, कुशल करेल, आणि कोणाला काय हवं ते ज्याने त्याने ठरवावं. असं एक वाक्य असतं तर माझी काही तक्रार नव्हती.

लांबीबद्दल. वरपासून खलनायक ड्रिल नाइटपर्यंत पोचलेली एक पूर्ण रन साधारण अर्ध्या तासाची होते. हे खरं आहे, आणि दोष म्हणून सांगितलं गेलं. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या ज्या घरांत ८-बिट टीव्ही गेम आला, तिथे ‘कॉन्ट्रा’ची कॅसेट असायचीच. सराईत हाताला ‘कॉन्ट्रा’ अर्ध्या तासात संपतो. आठ टप्पे, बस. तरी तो वर्षानुवर्षं खेळला गेला. सुट्टीत भावंडांनी आळीपाळीने खेळला, गल्लीतल्या मुलांनी खेळला, आणि तो लहान आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही. कारण तो अर्धा तास मिळवावा लागत होता. आज किती तासांचा ऐवज आहे हा आकडा समीक्षेत हटकून येतो. साहित्यात आपण असं करत नाही. जी. ए. कुलकर्णींनी प्रामुख्याने कथा लिहिल्या, म्हणून त्यांच्या पुस्तकाला पानांमागे गुण देणारा समीक्षक मराठीत टिकला नसता. गेमला ही वागणूक का द्यायची?

नशिबाच्या आक्षेपात तथ्य आहे, आणि ते मी झाकणार नाही. ‘डिग’मधली बरीच रेलिक किरकोळ आहेत. एखादं सापडल्यावर खेळायची पद्धतच पालटून जावी असं क्वचित घडतं. ‘स्पेलंकी’मध्ये जेटपॅक मिळालं की सगळा नकाशा वेगळा दिसू लागतो. तशी वस्तू इथे कमी, आणि म्हणून काही रन एकमेकींसारख्या वाटतात. तुकड्यांची संख्याही मर्यादित आहे; भरपूर खेळलं की ओळखीचे कोनाडे दिसू लागतात. एवढी टीका रास्त आहे आणि निर्मात्यांनी ती ऐकायला हवी. पण समीक्षकांनी तक्रार केली ती भलतीच: वाईट नशिबामुळे आम्ही हरलो. ‘डिग’मध्ये प्रत्येक टप्प्याच्या शेवटी पुढच्या वाटांमधून निवड करता येते आणि पुढे काय वाढून ठेवलं आहे याची खूण आधी दिसते. चक्रं कुठे आहेत हे नजरेला दिसतं. यंत्र येतंय हे कानाला कळतं. एवढी माहिती देऊन मग मारणाऱ्या गेमवर लहरीपणाचा ठपका ठेवता येत नाही.

जुन्या शैलीबद्दलही बोलायला हवं, कारण अनेकांनी कौतुकाच्या सुरातच तिला मागच्या काळाची आठवण म्हणून बाजूला काढलं. मूळ ‘शॉव्हल नाइट’ ८-बिट निन्टेंडोच्या चौकटीत काम करत होता आणि सोयीप्रमाणे ती मोडतही होता. जुन्या यंत्रावर एका आडव्या ओळीत आठापेक्षा जास्त स्प्राइट (हलत्या आकृत्या) आले की चित्र लुकलुकायचं. यॉट क्लबने हे लुकलुकणं ठेवलं नाही, पडदा रुंद केला, जुन्या रंगपेटीत मोजके रंग वाढवले. म्हणजे नक्कल करायचीच नव्हती. ‘डिग’ त्यापुढे जाऊन १६-बिट काळाच्या भरगच्च रंगांत गेला, आणि त्यामागे खेळाची गरज आहे. वेगाने खाली पडताना माती कुठली, दगड कुठला, काटे कुठले, कोणत्या ढेकळात रत्न आहे, हे एका नजरेत कळलं पाहिजे. ठळक कडांचा, ठरावीक चौकोनांत बसवलेला पिक्सेल हे काम फार चोख करतो. जेक कॉफमन यांचं संगीतही असंच कामाला जुंपलेलं आहे. वास्तवाच्या जवळ जाणाऱ्या, धूळ उडणाऱ्या त्रिमितीत हा गेम त्याच वेगाने खेळून पाहायचा प्रयत्न केला असता तर पहिल्याच विहिरीत नजर हरवली असती. या शैलीला निव्वळ आठवण म्हणणं म्हणजे कामाच्या अवजाराला शोभेची वस्तू समजणं होय.

हे सगळं का झालं याचं कारण व्यक्तींपेक्षा पद्धतीत आहे. समीक्षकाला गेम प्रकाशनाच्या थोडा आधी मिळतो, मत ठराविक तारखेला द्यायचं असतं आणि पुढचा गेम रांगेत उभा असतो. कथेचा गेम असेल तर शेवटपर्यंत पोचलं की काम झालं. पण जो गेम हातात मुरायला वेळ घेतो, ज्यात पहिले काही तास हरण्यातच जातात, त्याचं मोल या वेळापत्रकात बसत नाही. अशा वेळी जे लगेच मोजता येतं तेच मोजलं जातं: किती लेव्हल, किती बॉस, किती तास, काय काय अनलॉक होतं. ‘डिग’ या मोजणीत मार खाणारच होता. दहापैकी सात गुणांत त्याची खरी किंमत आली, असं मानायला मी तयार नाही.

मराठीत गेमवर गांभीर्याने लिहिलं जाणं आता कुठे सुरू होत आहे. इंग्रजी समीक्षेतले निवाडे आपण जसेच्या तसे उचलतो आणि यूट्यूबवर मराठीतून पुन्हा सांगतो, हे माझ्या काळजीचं खरं कारण आहे. जे लिहिणारे आहेत त्यांना माझी विनंती आहे: गेमबद्दल मत देताना तो कोणत्या परंपरेतला आहे हे आधी सांगा, तुम्ही किती खेळलात आणि कुठवर पोचलात हेही सांगा, आणि आकडा द्यायचाच असेल तर सगळ्यात शेवटी द्या. वाचकांना सांगणं वेगळं. ‘डिग’ स्विचवर आणि पीसीवर उपलब्ध आहे. त्यात फारसं काही नाही असं कुणी सांगितलं म्हणून तो सोडू नका. मशरूमच्या खाणीत पाच-दहा वेळा मरा, तिसरं चक्र एकदा सोडून आणि एकदा घेऊन पाहा, स्पोर नाइटला एकदा हरवा, आणि मग आपलं मत आपणच बनवा.